शर्यतीच्या इंजिनाचें माप

आमच्या गोंदियांत शाळा सुटण्याच्या सुमारास फाटकाबाहेर मुलांचा जो घोळका उभा असतो, त्यांत हल्लीं क्रिकेटची चर्चा जितकी होते तितकीच 'सीसी'ची होते. कोणाच्या वडिलांची मोटारसायकल शंभर सीसीची, कोणाच्या मामाची दीडशेंची, आणि नागपूरला राहणाऱ्या कोणाच्या तरी चुलतभावाची साडेतीनशेंची. आयुष्याचीं बहुतेक वर्षें अंकगणित शिकविण्यांत गेल्यामुळें आंकडा ऐकला कीं त्याचा अर्थ विचारण्याची खोड मला जडली आहे. मीं एकदां त्या मुलांना विचारलें, "सीसी म्हणजे काय रे?" एक म्हणाला, "ताकद, गुरुजी." दुसरा म्हणाला, "वेग." तिसरा जरा विचार करून म्हणाला, "किंमत." तिघेहि चुकले. परंतु मोटारींच्या शर्यतींचे नियम करणारीं मोठमोठीं मंडळें गेलीं सव्वाशें वर्षें यांतल्याच चुका आळीपाळीनें करीत आलीं आहेत, असें पुढें त्या विषयाचें वाचन केल्यावर माझ्या ध्यानांत आलें.

सीसी म्हणजे घन सेंटीमीटर. इंजिनांत नळकांडें असतें, त्यास सिलिंडर म्हणतात. त्यांत पिस्टन नांवाचा दट्ट्या वरखालीं होतो. नळकांड्याच्या तोंडाचें क्षेत्रफळ काढावें, त्यास दट्ट्याच्या धांवेनें गुणावें, आणि जितकीं नळकांडीं असतील तितक्यांनीं पुन्हां गुणावें. येईल तें इंजिनाचें माप. आठव्या इयत्तेंतील मुलाला जमावें असें हें उदाहरण आहे. परंतु हें माप भांड्याचें आहे, भांड्यांत शिजणाऱ्या अन्नाचें नव्हे. त्या भांड्यांत दर खेपेस हवा आणि पेट्रोल यांचें मिश्रण किती कोंबलें जातें, आणि मिनिटाला तें किती वेळां भरून रितें होतें, याविषयीं तें माप मुकें असतें.

हा विषय मीं हातीं घेण्यास कारण घडलें तें सांगतों. आपल्या देशाच्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानें सोळा वर्षें पुरीं झालेल्या मुलास पन्नास सीसीपर्यंतची मोटारसायकल चालविण्याची मुभा दिली आणि त्याहून मोठ्या इंजिनासाठीं अठरा वर्षांची अट घातली. कायदा करणाऱ्यांचा हेतु उघड आहे. लहान इंजिन म्हणजे बेताचा वेग, आणि बेताचा वेग म्हणजे जिवाला धोका कमी. माझा एक विद्यार्थी सतराव्या वर्षीं वडिलांची शंभर सीसीची गाडी घेऊन बालाघाटच्या रस्त्यानें गेला आणि एका पायानें कायमचा अधू होऊन परत आला. त्याला पाहावयास गेलों असतां त्याचे वडील मला म्हणाले, "गुरुजी, गाडी लहान असती तर वांचला असता का हो पाय?" मला उत्तर देतां येईना. इंजिनें मापण्यांतच ज्यांच्या पिढ्या गेल्या, त्यांना तरी तें सांपडलें आहे काय, हें पाहावें म्हणून मी हा इतिहास वाचूं लागलों.

शर्यत ही गोष्ट आमच्या जिल्ह्याला परकी नाहीं. भाताची मळणी आटोपली कीं भंडारा-गोंदियाच्या खेड्यांतून शंकरपट भरतात. हलक्या छकड्याला दोन बैल, वर एक धुरकरी, आणि दोन्ही अंगांना माणसांची दाटी. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालानें बंद पडलेल्या ह्या शर्यतींना २०२१ च्या डिसेंबरांत पुन्हां वाट मिळाली, आणि २०२३ च्या मे महिन्यांत घटनापीठानें तीवर शिक्कामोर्तब केलें. पश्चिम महाराष्ट्रांत शर्यतीच्या बैलांचे गट दांतांवरून पाडतात. दुधाच्या दांतांचा तो आदत, दोन दांत आलेला तो दुसा, चार आलेला तो चौसा. दांत म्हणजे बळ नव्हे हें कोणताहि शेतकरी जाणतो. तरी दांतच पाहतात, कारण बैलाचें तोंड उघडून दांत मोजतां येतात, बळ मोजतां येत नाहीं. मोटारींच्या बाबतींत नियम करणाऱ्यांची अडचण हीच होती. वेग आंवरावयाचा, पण शर्यतीपूर्वीं वेग मापणार कसा? तेव्हां गाडीचें तोंड उघडून जें दिसेल तें मापावयाचें.

मोटारींची शर्यत १८९५ सालीं पॅरिसहून बोर्दोला जाऊन परत येण्याची झाली, ती पहिल्या खऱ्या शर्यतींपैकीं एक. त्या काळीं इंजिनाला कसलेंच बंधन नव्हतें. वेग पाहिजे तर नळकांडें मोठें करा, असा सरळ हिशेब होता. पुढें १९०२ च्या सुमारास बंधन आलें तें वजनाचें. मोठ्या वर्गांतील गाडी १००० किलोग्रॅमांहून जड असतां कामा नये. वजन आंवरलें म्हणजे इंजिन आपोआप आंवरेल, असा तर्क होता. झालें उलटेंच. कारखानदारांनीं इंजिन मोठेंच ठेविलें आणि वजन सांगाड्यांतून काढलें. तुळयांना भोकें पाडलीं, आसनें नांवापुरतीं ठेविलीं. १९०३ च्या मे महिन्यांत व्हर्सायहून माद्रिदकडे अशीं दोनशेंहून अधिक वाहनें सुटलीं. रस्ता धुळीचा, प्रेक्षक रस्त्यांत घुसलेले, आणि काटकुळ्या सांगाड्यांवर राक्षसी इंजिनें. रेनो कारखाना काढणाऱ्या भावांपैकीं मार्सेल रेनो त्या शर्यतींत प्राणांस मुकला. चालक, मदतनीस आणि प्रेक्षक यांपैकीं इतकीं माणसें मेलीं कीं फ्रेंच सरकारनें बोर्दो येथेंच शर्यत थांबविली. ज्या गाड्या वाऱ्याशीं पैज लावून आल्या होत्या त्या घोड्यांनीं ओढून आगगाडीच्या स्टेशनावर नेण्यांत आल्या.

तरीहि १९०६ सालीं ल मां येथें जी पहिली 'ग्रां प्री' झाली, तिलाहि हजार किलोग्रॅमांचाच नियम होता. ती जिंकणारी रेनो गाडी फेरेंत्स सिस नांवाच्या हंगेरियन चालकानें हांकली. तिच्या इंजिनाचें उदाहरण मुलांना फळ्यावर घालून देण्याजोगें आहे. नळकांडीं चार, व्यास १६६ मिलिमीटर, दट्ट्याची धांव १५० मिलिमीटर. गुणाकार केला तर सुमारें १३,००० घन सेंटीमीटर येतात. आमच्या फाटकाबाहेरच्या शंभर सीसीच्या एकशेंतीस मोटारसायकली एका झांकणाखालीं! आणि एवढ्या अवाढव्य भांड्यांतून शक्ति निघाली ती नव्वद-शंभर घोड्यांची. दोन दिवसांत बाराशें किलोमीटरांहून अधिक अंतर त्यानें तासाला सरासरी सुमारें १०१ किलोमीटर वेगानें तोडलें.

पुढच्या वर्षीं, १९०७ सालीं, नियम करणाऱ्यांना एक चांगली कल्पना सुचली. इंजिन केवढेंहि असो, शंभर किलोमीटरांना तीस लिटरांहून अधिक इंधन मिळणार नाहीं. म्हणजे भांडें न मापतां शिधा मापावयाचा. माझ्या मतें ह्या सबंध इतिहासांतील ही सर्वांत शहाणपणाची कल्पना. ती एका वर्षांत टाकून दिली गेली आणि शंभराहून अधिक वर्षांनीं परत आली, तें पुढें येईलच. १९०८ सालीं त्यांनीं दट्ट्याचा व्यास मापला. चार नळकांड्यांच्या इंजिनाला व्यास १५५ मिलिमीटरांपर्यंत, पण धांव किती असावी हें सांगितलें नाहीं. झालें, नळकांडीं उंच होऊं लागलीं. धाकट्या गाड्यांच्या शर्यतींतहि व्यासावर बंधन होतें, तेथें तर कहरच झाला. १९१० सालच्या एका लायन-प्यूजो गाडीच्या दट्ट्याचा व्यास ८० मिलिमीटर आणि धांव २८० मिलिमीटर होती. इंजिन उसाच्या पेरासारखें उभें, आणि चालकाला त्याच्या बाजूनें डोकावून रस्ता पाहावा लागे. याच व्यासाच्या मापावर इंग्लंडच्या सरकारनें मोटारींचा कर बसविला होता, म्हणून इंग्रजी मोटारींचीं इंजिनें दुसऱ्या महायुद्धानंतर तो कर जाईपर्यंत अरुंद छातीचीं आणि उंच मानेचीं राहिलीं. नियम शर्यतीचा असो वा तिजोरीचा, यंत्र त्याच्या सांच्याप्रमाणें वाढतें.

मोठें भांडें म्हणजे मोठी ताकद, ह्या समजुतीला पहिला जबर धक्का बसला तो १९१२ सालीं. दीएप येथील ग्रां प्रींत फियाटच्या गाडीचें इंजिन १४ लिटरांचें होतें, आणि प्यूजोचें साडेसात लिटरांच्या थोडें वर, म्हणजे जवळजवळ निम्में. तरी जॉर्ज ब्वायो ह्यानें प्यूजो पुढें काढली. त्या इंजिनाच्या प्रत्येक नळकांड्याला दोनांऐवजीं चार झडपा होत्या आणि त्या उघडण्याचे दोन दांडे डोक्यावर बसविले होते. इंजिन श्वास मोकळा घेऊं लागलें, एवढाच त्यांतला चमत्कार. आज रस्त्यावरून जाणाऱ्या बहुतेक मोटारींत ही रचना आढळते.

यानंतर १९१४ सालीं ग्रां प्रीच्या नियमांत पहिल्यांदां प्रत्यक्ष घनफळ आलें: साडेचार लिटर, त्याहून एक थेंब अधिक नाहीं. ती शर्यत ४ जुलै १९१४ रोजीं लिआँजवळ झाली. सारायेव्हो येथें ऑस्ट्रियाच्या युवराजाचा खून होऊन त्या दिवशीं सहा दिवस झाले होते. साडेसातशें किलोमीटरांची ती शर्यत म्हणजे उघड उघड फ्रान्स आणि जर्मनी यांचा सामना होता. फ्रेंचांचा भरंवसा ब्वायोवर. जर्मनांकडून मर्सिडीजच्या गाड्या ठरल्या बेतानें, सैन्याच्या तुकड्यांसारख्या धांवल्या. ब्वायोनें फार वेळ त्यांना एकट्यानें झुंजविलें, आणि अखेरच्या फेऱ्यांत त्याच्या गाडीनें दम सोडला. पहिले तिन्ही क्रमांक मर्सिडीजनें घेतले. महिन्याभरांत महायुद्ध पेटलें. त्या मर्सिडीजपैकीं एक गाडी इंग्लंडमध्यें अडकली होती. ती ताब्यांत घेऊन रोल्स-रॉईसच्या कारखान्यांत खोलून तपासण्यांत आली, कारण साडेचार लिटरांतून जास्तींत जास्त शक्ति कशी काढावी हा प्रश्न आतां विमानांचा झाला होता. ब्वायो स्वतः १९१६ सालीं लढाऊ विमान चालवितांना पडला. शर्यतीचें माप ज्यांनीं घालून दिलें त्यांना हें अर्थातच ठाऊक असण्याचें कारण नव्हतें.

युद्धानंतर माप झपाट्यानें उतरत गेलें: १९२१ सालीं तीन लिटर, १९२२ सालीं दोन, १९२६ सालीं दीड. याच काळांत भात्याचा प्रवेश झाला. लोहाराच्या भट्टींत कोळसा तेवढाच असतो, पण भाता मारला कीं आंच दुप्पट होते. त्याप्रमाणें इंजिनाच्या शक्तीवर फिरणारा एक पंखा हवा दाबून नळकांड्यांत घालूं लागला. त्यास सुपरचार्जर म्हणतात. १९२३ सालीं फियाटनें असा भाता लावून मोन्झा येथें इटलीची ग्रां प्री जिंकली. नियमाचें पुस्तक उघडून पाहावें तर दोन लिटर ते दोनच लिटर! १९२७ च्या देलाज गाडीचें दीड लिटरचें इंजिन सुमारें १७० घोड्यांची शक्ति देई. वीस-एकवीस वर्षांपूर्वींच्या रेनोच्या भांड्याचा तो नववा हिस्सा, आणि शक्ति जवळजवळ पावणेदोनपट. त्या वर्षीं देलाजवर सगळीकडे जिंकणारा रोबेर बेनुआ पुढें दुसऱ्या महायुद्धांत गुप्त प्रतिकारचळवळींत शिरला आणि १९४४ सालीं बुखेनवाल्डच्या छावणींत मारला गेला. ह्या इतिहासांत शर्यतींतून वांचलेले लोक युद्धांत जातात, हें वारंवार दिसतें.

मध्यंतरीं कांहीं वर्षें नियमच नव्हते म्हटलें तरी चालेल. मग १९३४ सालीं मंडळाला पुन्हां वजनाची आठवण झाली, पण १९०३ ची झाली नाहीं. गाडी ७५० किलोग्रॅमांहून जड नको, इंजिन हवें तेवढें असूं द्या. एवढ्या वजनांत मोठें इंजिन बसणारच नाहीं, अशी त्यांची खात्री. जर्मन कारखान्यांनीं हलके धातु शोधले, आणि १९३७ च्या मर्सिडीजमध्यें साडेपांच लिटरांहून मोठें, भाता लावलेलें, सहाशेंच्या जवळपास घोड्यांचें इंजिन बसलें. नियम करणाऱ्यांची इतकी फसगत पूर्वीं झाली नव्हती. १९३८ सालीं घाईनें तीन लिटरांची मर्यादा घातली गेली. भाता नसल्यास साडेचार.

तरीहि जर्मनच जिंकूं लागले, तेव्हां इटलीनें एक युक्ति केली. लिबिया तेव्हां इटलीच्या ताब्यांत होता, आणि त्रिपोलीची शर्यत फार मानाची होती. इटालियन अधिकाऱ्यांनीं जाहीर केलें कीं १९३९ सालीं आपल्या शर्यती दीड लिटरच्या गाड्यांच्याच होतील. अल्फा रोमिओ आणि मासेराती यांच्याजवळ दीड लिटरच्या उत्तम गाड्या तयार होत्या. मर्सिडीजजवळ एकहि नव्हती. घरच्या अंगणांत घरच्या मापानें खेळावयाचें, पाहुण्यास वाट नाहीं! मर्सिडीजच्या लोकांनीं तक्रार केली नाहीं. त्यांनीं सुमारें आठ महिन्यांत आठ नळकांड्यांचें दीड लिटरचें अगदीं नवें इंजिन काढलें, दोन गाड्या बांधल्या, आणि त्या समुद्रापार नेल्या. ७ मे १९३९ रोजीं हर्मन लांग पहिला आला आणि रुडॉल्फ काराचिओला दुसरा. त्या गाड्या पुन्हां कोणत्याहि ग्रां प्रींत धांवल्या नाहींत. एका शर्यतीसाठीं केलेला नियम आणि त्या नियमासाठीं केलेलें यंत्र, दोन्हींचें आयुष्य एका दुपारचें.

दुसऱ्या महायुद्धानंतर ज्या नियमांनीं शर्यती सुरू झाल्या त्यांस 'फॉर्म्युला' म्हणूं लागले. फॉर्म्युला म्हणजे सूत्र. 'फॉर्म्युला वन' हें आज जगभर दुमदुमणारें नांव मुळांत इंजिनाच्या मापाच्या सूत्राचें नांव आहे, हें फार थोड्यांना ठाऊक असतें. सूत्र असें होतें: भाता असेल तर दीड लिटर, नसेल तर साडेचार. एकास तीन. १९५० सालीं जागतिक अजिंक्यपद सुरू झालें तेव्हां युद्धापूर्वींची, लपवून ठेवलेली दीड लिटरची अल्फा रोमिओच सर्वांना भारी पडली. पण भात्याची आंच फुकट मिळत नाहीं. ती गाडी इंधन इतकें पिई कीं शर्यतीच्या मध्यें वारंवार थांबून तिची टांकी भरावी लागे. १९५१ च्या जुलैंत सिल्व्हरस्टोन येथें गोन्सालेस ह्या अर्जेंटिनाच्या धिप्पाड चालकानें भाता नसलेल्या साडेचार लिटरच्या फेरारीनें तिला गांठलें व मागें टाकलें. १९५२-५३ ही दोन वर्षें दोन लिटरचीं गेलीं आणि १९५४ पासून माप अडीच लिटर झालें. त्यांत सांगण्यासारखें विशेष नाहीं.

विशेष आहे तें १९६१ सालाचें. माईक हॉथॉर्न हा अजिंक्यपद मिळविणारा पहिला इंग्रज. १९५८ च्या ऑक्टोबरांत लंडन येथें त्याचा सत्कार चालला असतां आंतरराष्ट्रीय मंडळानें त्याच सभेंत जाहीर केलें कीं १९६१ पासून इंजिन दीड लिटरच, भात्याशिवाय, आणि हें सर्व सुरक्षिततेसाठीं. इंग्रज मंडळी खवळून उठलीं. (सत्कारमूर्ति हॉथॉर्न तीन महिन्यांच्या आंत आपल्या घरगुती जॅग्वार गाडींत साध्या रस्त्यावर अपघातानें वारला, शर्यतीच्या कोणत्याहि सूत्राला तो रस्ता मोजतां आला नसता.) इंजिन लहान झालें. शक्ति उतरली, सर्वांत जोरदार फेरारीहि दोनशें घोड्यांच्या आंतच होती. आणि त्याच पहिल्या हंगामांत, १० सप्टेंबर १९६१ रोजीं, मोन्झा येथें वोल्फगांग फॉन ट्रिप्स याची दीड लिटरची फेरारी दुसऱ्या गाडीला लागून उसळली व बांधावर कुंपणालगत उभ्या असलेल्या लोकांत गेली. फॉन ट्रिप्स आणि पंधरा प्रेक्षक मेले. अजिंक्यपदाच्या शर्यतींतील तो सर्वांत भयंकर दिवस, आणि तो सर्वांत लहान इंजिनांच्या काळांत आला. माणसांच्या आणि गाडीच्या मध्यें काय होतें, तर तारेचें कुंपण. त्या कुंपणाचें माप कोणीं सांगितलें नव्हतें.

१९६६ सालीं माप पुन्हां दुप्पट, म्हणजे तीन लिटर, करण्यांत आलें. भाता लावणाऱ्यांसाठीं दीड लिटरचें पोटकलम जुन्या संवयीनें राहूं दिलें, आणि तें अकरा वर्षें कोणीं उघडूनहि पाहिलें नाहीं. इंग्लंडच्या कॉसवर्थ कारखान्याचें तीन लिटरचें इंजिन १९६७ सालीं आलें व पुढें त्यानें १५५ शर्यती जिंकल्या. मग पोटकलम कोण वाचतो? रेनोनें तें वाचलें. १९७७ सालीं त्यांनीं दीड लिटरची गाडी आणली; तिचा भाता इंजिनाच्या शक्तीवर नव्हे, तर बाहेर फेंकल्या जाणाऱ्या धुराच्या झोतावर पवनचक्कीसारखा फिरे. हाच टर्बो. ती गाडी इतक्या वेळां वाफ सोडून बंद पडे कीं इंग्रजांनीं तिला पिवळी किटली असें नांव ठेविलें. दोन वर्षांनीं, १९७९ सालीं, त्या किटलीनें दिझों येथें फ्रान्सची ग्रां प्री जिंकली आणि सर्वांचें हंसणें थांबलें. १९८३ सालीं नेल्सन पिके अजिंक्य झाला तो बी.एम.डब्ल्यू.च्या चार नळकांड्यांच्या टर्बो इंजिनावर, आणि त्या इंजिनाचा मूळ ठोकळा साध्या बाजारी मोटारींतला होता.

येथें जरा थांबून आंकडे एका ओळींत मांडतों, कारण आमच्या फाटकाबाहेरच्या पहिल्या मुलाला याहून चांगलें उत्तर मला देतां येणार नाहीं. भांडें एकच, दीड लिटर. १९२७ च्या देलाजमध्यें शक्ति १७०. १९५१ च्या अल्फा रोमिओमध्यें चारशेंहून अधिक. १९६१ सालीं भाता काढून घेतल्यावर १९० च्या आसपास. आणि १९८६ च्या टर्बो इंजिनांत, क्रमवारी ठरविण्याच्या फेरींत, हजाराहून अधिक. साठ वर्षांत माप एका घन सेंटीमीटरानेंहि वाढलें नाहीं.

मग मंडळानें भांडें सोडून भात्याचा दाब आणि इंधन यांना हात घातला. १९८४ सालीं शर्यतीला २२० लिटर इंधन, १९८६ सालीं १९५, १९८८ सालीं टर्बोला दीडशेंच. दाबहि आधीं वातावरणाच्या सुमारें चौपट आणि मग अडीचपट एवढाच. हेतु असा कीं टर्बो मागें पडावेत. त्या १९८८ सालीं सोळा शर्यतींपैकीं पंधरा मॅक्लारेन-होंडाच्या टर्बोनींच जिंकल्या! अखेर १९८९ पासून टर्बोवर सरसकट बंदी आली, आणि साडेतीन लिटरचीं साधीं इंजिनें धांवूं लागलीं.

१९९४ सालीं इमोला येथें ३० एप्रिलला रोलांड रात्झेनबर्गर आणि दुसऱ्या दिवशीं आयर्टन सेना मृत्युमुखीं पडले. पुढच्याच वर्षीं साडेतीन लिटरांचे तीन लिटर करण्यांत आले. २००५ पर्यंत हीं तीन लिटरचीं इंजिनें नऊशें घोड्यांच्या घरांत पोंचलीं होतीं, म्हणजे जुन्या साडेतीन लिटरांच्याहि पुढें. तेव्हां २००६ पासून २.४ लिटर. आपल्या नारायण कार्तिकेयननें २००५ सालीं जॉर्डन गाडी हांकली ती तीन लिटरची. तोच २०११ च्या ऑक्टोबरांत ग्रेटर नोएडा येथें पहिल्या भारतीय ग्रां प्रींत उतरला तेव्हां त्याच्या पाठीमागचें इंजिन २.४ लिटरचें होतें. सहा वर्षांत एका भारतीय चालकाच्या वांट्याचे सहाशें सीसी मंडळानें काढून घेतले. पण चालकांचे प्राण ज्यांनीं वांचविले त्यांत ह्या सहाशें सीसींचा हिस्सा थोडा. २००३ पासून मान धरून ठेवणारा पट्टा सक्तीचा झाला. चाकें तुटून उडूं नयेत म्हणून दोर आले. सांगाडे आपटून तपासूं लागले. वळणांबाहेर मोकळें मैदान ठेवूं लागले. २०१८ सालीं चालकाच्या डोक्याभोंवतीं धातूचें कडें आलें. गाडी आपटणार नाहीं असें न मानतां, आपटणारच असें मानून केलेल्या ह्या गोष्टी. माझ्या विद्यार्थ्याच्या वडिलांना सांगण्यासारखें कांहीं मला ह्या सबंध वाचनांत सांपडलें असेल तर तें येथें, आणि तेंहि उशिरा.

२०१४ पासून फॉर्म्युला वनचें इंजिन १.६ लिटरचें, सहा नळकांड्यांचें, टर्बोसह आणि विजेच्या जोडीचें आहे. पण खरें बंधन निराळेंच होतें. तासाला शंभर किलोग्रॅम या दराहून अधिक इंधन इंजिनांत जातां कामा नये, आणि त्या वर्षीं सबंध शर्यतीलाहि शंभरच किलोग्रॅम. म्हणजे १९०७ सालचा शिधा एकशेंसात वर्षांनीं परत पानांत पडला. २०२६ च्या हंगामासाठीं केलेल्या नियमांत तर जवळजवळ निम्मी शक्ति विजेच्या मोटारीकडून घ्यावयाची आहे. लिटरांचा आंकडा पुस्तकांत १.६ च आहे, पण निम्म्या शक्तीविषयीं तो कांहींच सांगत नाहीं.

तिसरा मुलगा 'किंमत' म्हणाला होता. त्याचें उत्तर मीं चूक दिलें, पण आपल्या देशापुरता तो बराच बरोबर निघाला. २००६ च्या अर्थसंकल्पानें लहान मोटारींवरील अबकारी कर कमी केला तेव्हां लहान मोटारीची व्याख्या केली ती लांबी चार मीटरांपर्यंत आणि इंजिन पेट्रोलचें १२०० व डिझेलचें १५०० सीसीपर्यंत अशी. त्यानंतर आपल्या रस्त्यांवर ११९७ आणि ११९९ सीसीचीं इंजिनें आणि मागून कापल्यासारख्या आंखूड मोटारी दिसूं लागल्या. लायन-प्यूजोचे हे दूरचे नातेवाईकच. २०२५ च्या सप्टेंबरापासून मोटारसायकलींवरील वस्तु व सेवा कर साडेतीनशें सीसीपर्यंत १८ टक्के आणि त्यापुढें ४० टक्के झाला. नागपूरच्या त्या चुलतभावाची गाडी नेमकी कोणत्या बाजूला पडते, यावर फाटकाबाहेर दोन दिवस वाद चालला होता.

पन्नास सीसीच्या कलमाचें मात्र नवल वाटतें. कलम आहे, पण त्या मापाची नवी गाडी दुकानांत शोधून सांपडावयाची नाहीं. २०१९ च्या दुरुस्तीनें अल्पवयीन मुलाच्या हातून गुन्हा घडल्यास पालकाला पंचवीस हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद ठेविली आहे. परवां एक सोळा वर्षांचा मुलगा निळ्या रंगाच्या गाडीवरून, कसलाहि आवाज न करतां, माझ्या अगदीं शेजारीं येऊन थांबला. मीं संवयीनें विचारलें, "किती सीसीची रे?"

"सीसी नाहीं गुरुजी," तो म्हणाला, "बॅटरीची आहे."

तिचें माप वॅटमध्यें असतें. २५० वॅटपर्यंतच्या मोटारीची आणि तासाला २५ किलोमीटरांहून कमी धांवणारी असेल, तर नियमांत ती मोटार वाहन समजलीच जात नाहीं. परवाना नको, नोंदणी नको. मीं चष्मा लावून पट्टीवरचा आंकडा वाचावयास वांकलों, तोंवर तो वळणापलीकडे गेला होता.